रात्रीच्या उरलेल्या अन्नाचा निर्णय रात्रीच घ्यावा

आपण विचारले आहे की, नोकरीनिमित्त गोव्यात फोंड्याला राहायला आल्यापासून घरात माणसे दोनच असूनही रोज थोडा भात, वाटीभर कडी (नारळाच्या वाटणाचे कालवण) आणि एखादा पाव उरतो, इथल्या दमट हवेत तो सकाळपर्यंत टिकत नाही आणि टाकून देताना जिवावर येते, तर अशा अन्नाचे करावे काय. आपल्याला जे वाईट वाटते ते अगदी योग्य आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले साधारण ६० टक्के हॉटेलांतून किंवा दुकानांतून नव्हे, तर घरांतून गेले. म्हणजे तुमच्या-माझ्या पातेल्याच्या तळाशी राहिलेली वाटीभर कडी यात मोजलेली आहे.

बहुतेक घरांत सकाळी झाकण उघडल्यावर ‘आता याचे काय करू?’ असा विचार सुरू होतो, आणि माझ्या मते सगळे इथेच बिघडते. पाककृती सकाळी शोधली तरी चालते, पण ते अन्न वापरण्याजोगे राहणार की नाही हे रात्री पाने उचलल्यानंतरच्या तासाभरात ठरून गेलेले असते. शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, ते ५ अंश सेल्सियसच्या खाली तरी असावे किंवा ६० अंशांच्या वर तरी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गोव्यात पावसाळ्याच्या रात्री ओट्यावर झाकून ठेवलेले पातेले या दोहोंच्या मध्ये, म्हणजे जंतूंना सर्वांत मानवणाऱ्या उबेत, रात्रभर बसून असते.

भाताच्या बाबतीत तर अधिकच जपावे लागते. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जीवाणूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवण्याने मरत नाहीत, भात उबेत राहिला की वाढीला लागतात आणि असे विष तयार करतात जे पुन्हा तापवल्यानेही नाहीसे होत नाही. म्हणून रात्रभर बाहेर राहिलेल्या भाताला खमंग फोडणी दिली की तो निर्धोक झाला, ही समजूत चुकीची आहे. जेवण झाले की उरलेला भात पसरट ताटात मोकळा करावा, वाफ जाऊ द्यावी, आणि तासाभरात झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशीच संपवावा. उकड्या तांदळाचा भात असेल तर त्यात भरपूर पाणी घालून मंद आचेवर चांगला उकळू द्यावा आणि मिठाची पेज करावी. सोबत लोणचे किंवा सुक्या सुंगटांची किसमूर, म्हणजे सुक्या कोळंबीची खोबरे घातलेली कोशिंबीर, असली की अकराच्या सुमारास ती जशी लागते तशी दुसरी कोणतीही न्याहारी लागत नाही, असे मी मनापासून सांगते. साधा पांढरा भात असेल तर तो भिजवलेल्या तांदळांबरोबर वाटून पोळे, म्हणजे मऊ डोसे, करावेत. या भातामुळेच पोळ्यांना मऊपणा येतो.

आता कडीविषयी, कारण तिथे गोव्याच्या स्वयंपाकघराचे शहाणपण खरे दिसते. आदल्या दिवशीची माशाची कडी आटवून न्याहारीला पावाबरोबर खाण्याची इथे जुनी रीत आहे आणि कित्येक घरांत ‘कालची कडी’ व्हावी म्हणूनच रस थोडा जास्त केला जातो. नारळाच्या वाटणाचा रस फार लवकर आंबतो, तेव्हा रात्री त्याला एक खळखळून उकळी द्यावी, पातेले थंड पाण्याच्या परातीत ठेवून निववावे आणि मगच फ्रिजमध्ये ठेवावे. सकाळी ती कडी पसरट, शक्य तर मातीच्या कुंडल्यात काढून झाकण न घालता मंद आचेवर ठेवावी. सुरुवातीला लहान बुडबुडे भराभर येतात. पाणी आटू लागले की ते मोठे आणि सावकाश होतात, कडेला नारळाचे तेल सुटू लागते, रंग केशरीवरून विटकरी होतो आणि डाव फिरवला की क्षणभर कुंडल्याचा तळ दिसतो. तिथे आच बंद करावी. सोलांचा (आमसुलांचा) आंबटपणा आणि तिरफळांचा वास तोवर इतका मुरलेला असतो की आदल्या रात्रीच्या ताज्या कडीपेक्षा हीच मला अधिक आवडते. मात्र बांगडा आणि तारले यांच्याबाबत एक सावधगिरी हवी. हे मासे उबेत राहिले तर त्यांत हिस्टामिन साठते आणि ते उकळूनही जात नाही. म्हणून मासळी बाजारातून आणल्यापासूनच थंड ठेवावी, आणि खाताना जिभेला तिखट चुणचुण जाणवली तर ती कडी मोह न धरता टाकावी.

खतखते, म्हणजे अनेक भाज्यांचे नारळ घातलेले कालवण, दुसऱ्या दिवशी अधिक चांगले लागते, हे चतुर्थीनंतर आपल्याला कोणीही सांगेल. नियम तोच, रात्री उकळून निववायचे. सोलकढी मात्र उरवूच नये. तिच्यासाठी काढलेल्या नारळाच्या दुधाचा चोथा भाजीत किंवा लसणीच्या सुक्या चटणीत जातो. फार पिकून काळी पडलेली केळी कुस्करून त्यांचे बन, म्हणजे गोड फुगीर पुऱ्या, करावेत.

पाव आणि पोय (कोंडा लावलेला गोल पोकळ पाव) फ्रिजमध्ये ठेवू नयेत, कारण त्या थंडाव्यात पिष्ट लवकर कडक होते आणि पाव बाहेरच्यापेक्षा आधी शिळा होतो. उद्यासाठी कपड्यात गुंडाळून ठेवावा, त्याहून जास्त दिवस लागणार असेल तर फ्रीझरमध्ये. वातड झालेल्या पोयीवर पाण्याचा हबका मारून ती तव्यावर झाकण ठेवून तापवली की पुन्हा मऊ होते. अगदीच कडक झाली तर वाळवून तिचा चुरा बटाट्याच्या चॉप्सना लावायला उपयोगी पडतो. पावसात पावावर बुरशीचा एक ठिपका जरी दिसला तरी तेवढाच तुकडा तोडून बाकीचा खाऊ नये, कारण बुरशीचे तंतू आत पसरलेले असतात. पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा सायकलवरून दारात येतो, तेव्हा दोन माणसांनी दिवसभराचे पाव एकदम घेऊन ठेवण्याचे कारणच नाही.

एवढे करूनही काही ना काही टाकावे लागेलच. साली, देठ आणि बिघडलेला कोरडा भात आवारात खड्डा असेल तर सुक्या पानांच्या थरांखाली पुरावा. माशांचे काटे आणि तेलकट रस तिथे घालू नयेत, कारण उंदीर आणि कुत्री ते उकरून काढतात. ते ओल्या कचऱ्याच्या डब्यात, प्लास्टिकच्या पिशवीशिवाय वेगळे द्यावेत. गोव्यात साळगाव आणि काकोडा इथल्या कचरा प्रक्रिया प्रकल्पांत ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस तयार होतो, आणि त्यासाठी तो घरातूनच वेगळा निघालेला असणे उपयोगाचे ठरते.