नऊ वर्षं वाया गेली का?

प्रिय ताई,
मी ३२ वर्षांची आहे. मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. करून नऊ वर्षं एका औषध कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणीच्या) लॅबमध्ये आहे. दोन वर्षांपूर्वी ऑडिटच्या घाईत एसओपी (कोणतं काम कसं करायचं याच्या लेखी सूचना) नव्याने लिहायला कुणी नव्हतं, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. तेव्हापासून सगळे विभाग आपापले कागद घेऊन माझ्याकडेच येतात. आता डॉक्युमेंटेशन आणि ट्रेनिंगमध्ये कायमची ये, असं विचारलंय. काम आवडतं. पण बाबा म्हणतात, "एवढं शिकून शेवटी कागदच रंगवणार?" नवरा म्हणतो, "तुझं तू ठरव." मला वाटतं, माझं ध्येयच कधी पक्कं नव्हतं. ही नऊ वर्षं वाया गेली का?
– गोंधळलेली

अगं, तुझं मूळ पत्र पाच पानी आहे, वर मी त्याचा गोषवाराच दिलाय. त्या पाच पानांत लॅबच्या नऊ वर्षांवर जेमतेम एक परिच्छेद आहे आणि ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या, एसओपीवर दीड पान! जुन्या कागदात "भारमांडणी विहित पद्धतीनुसार करावी" असं होतं आणि रात्रपाळीत मीडियाच्या (जंतू वाढवायच्या द्रावणाच्या) बाटल्या फुटत होत्या. तू मुद्दाम रात्रपाळीला थांबलीस, मुलं काय करतात ते पाहिलंस आणि लिहिलंस, "झाकण लावल्यावर अर्धा आटा सैल करा." १२१ अंशांवर घट्ट बंद बाटलीत दाब चढतो, हे लॅबमध्ये सगळ्यांना पाठ असतं. पण अपरात्री पेंगुळलेल्या माणसालाही कळेल असं ते लिहावं, हे तुझ्याआधी कुणाला सुचलं नव्हतं. नुसती भाषा चांगली असलेल्या माणसाला ते वाक्य लिहिता आलंच नसतं. त्यासाठी त्या यंत्रासमोर वर्षानुवर्षं उभं राहावं लागतं. म्हणजे वाया काय गेलं, सांग बरं?

ध्येय पक्कं नव्हतं म्हणून लाजू नकोस. लहानपणी "मोठेपणी कोण होणार?" विचारून आपण मुलांना उगाच कोंडीत पकडतो आणि ती मुलं पस्तिशीतही त्याचं उत्तर शोधत बसतात. जॉन क्रुम्बोल्ट्झ हे करिअर समुपदेशनातलं मोठं नाव, ते स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक होते. कॉलेजात मुख्य विषय ठरवायची वेळ आली तेव्हा हे गृहस्थ आपल्या टेनिस प्रशिक्षकाला विचारायला गेले. प्रशिक्षक मानसशास्त्र शिकवायचे, त्यांनी तेच सुचवलं आणि यांनी तेच घेतलं! पुढे १९९९ मध्ये दोन सहकाऱ्यांसह त्यांनी मांडलं, की करिअरमध्ये योगायोग येतच राहणार. त्यांचा उपयोग करून घ्यायला कुतूहल, चिकाटी, लवचीकपणा, आशावाद आणि थोडी जोखीम घ्यायची तयारी लागते. तुझ्या बाबतीत योगायोग होता तो फक्त ऑडिटच्या घाईचा. रात्रपाळीला थांबायला तुला कुणी सांगितलं नव्हतं.

तरी लगेच हो म्हणू नकोस. "मन सांगतं ते कर" हा सल्ला मला कधीच पटलेला नाही. मन सोमवारी एक सांगतं आणि शुक्रवारी दुसरं. आतापर्यंत हे काम तुला लॅबमधून सुटका म्हणून मिळत होतं. तेच दिवसभर करायचं म्हणजे आवृत्ती क्रमांक, सह्यांसाठी लोकांच्या मागे धावणं, कुणी न वाचलेल्या बदलांचं पुन्हा पुन्हा ट्रेनिंग. हा रटाळ भाग सोसवतो का, ते आधी बघ. तीन महिने अर्धा वेळ तिकडे, अर्धा लॅबमध्ये, असं मागून पाहा. त्यांना तुझी गरज आहे, बहुतेक नाही म्हणणार नाहीत.

आणि घरच्यांना विचारणं जरा थांबव. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवलं, की नव्या नोकरीची खबर जिवलगांपेक्षा अधूनमधून भेटणाऱ्या ओळखीच्या माणसांकडून जास्त येते. साधं आहे, जवळच्यांना बहुधा आपल्याइतकंच ठाऊक असतं. बाबांना तुझी काळजी आहे, पण रेग्युलेटरी किंवा मेडिकल रायटिंग (औषधांच्या परवानगीची किंवा वैद्यकीय कागदपत्रं लिहिणं) हा आख्खा व्यवसाय आहे, हे त्यांना कुठून माहीत असणार? तुझ्या एम.एस्सी.च्या वर्गातलं कुणीतरी नक्की तिकडे गेलं असेल. शोध, फोन कर आणि "काम कसं आहे?" असं विचारू नकोस, सगळे "मस्त" म्हणतात. "गेल्या आठवड्यात सगळ्यात कंटाळवाणं काय करावं लागलं?" असं विचार.

नवऱ्याचं "तुझं तू ठरव" ऐकायला छान वाटतं, पण त्यात अंग काढून घेणंही असू शकतं. पहिल्या वर्षी पगारवाढ अडकली तर घरखर्च कसा भागवायचा, हे त्याला शेजारी बसवून आकड्यांत लिहून काढा. कंपनीकडून पदनाम, ग्रेड, अप्रेझल कोण करणार आणि जमलं नाही तर लॅबमध्ये परत यायची मुभा, हे सगळं ईमेलवर घे. तोंडी आश्वासनं देणारा साहेब बदलून जातो.

– ताई