बाहेरून घरचा पीसी चालू करायचाय? आधी हे बघ
अरे, वायफायच्या नादी लागू नकोस, राउटरपासून पीसीला सरळ लॅन केबल टाक. मग बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये, विंडोजच्या आधी उघडतं ते) वेक ऑन लॅन, म्हणजे नेटवर्कवरून पीसी चालू करायची सोय, चालू कर आणि ईआरपी हा वीज वाचवायचा पर्याय बंद, नाहीतर पीसी बंद झाला की लॅन कार्डची पण वीज तुटते आणि मग कितीही मॅजिक पॅकेट (पीसीला जागं करणारा नेटवर्कवरचा संदेश) सोड, ढिम्म हलत नाही. बंद पीसीच्या मागे केबलपाशी लाइट लुकलुकतोय का बघ, तीच खरी खूण. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप पण काढ, बऱ्याच जणांचं घोडं तिथेच अडतं.

बाहेरून करायचं तर राउटरवर पोर्ट (इंटरनेटवरून घरात यायची वाट) उघडू नको प्लीज, घरात एखादा रास्पबेरी पाय (छोटासा कॉम्प्युटर) कायम चालू ठेव, त्यावर टेलस्केल (बाहेरून घरच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणारं व्हीपीएन) टाक आणि पॅकेट तिथूनच सोड, पॅकेटला लागणारा पीसीच्या लॅन कार्डचा ओळख क्रमांक, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस तेवढा लिहून ठेव.