रोज खिशात ठेवायला लहान मल्टी-टूल चाकू कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत, शनिवार-रविवार खानापूरकडच्या शेतावर. रोज पँटच्या खिशात राहील असा एकच चाकू हवा. तो पक्कडवाला घ्यावा की स्विस आर्मीसारखा, आणि पोलिसांनी बघितला तर भानगड होईल का?

निकाल आधी सांगतो. तुमच्यासाठी विक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा ९१ मिलिमीटरचा (ही मिटलेल्या चाकूची लांबी) सुपर टिंकर. तो खिशाला जड वाटला तर त्याच कंपनीचा ५८ मिलिमीटरचा रॅम्बलर. पक्कडवाला नको.

पक्कड नको, कारण तुमच्या कामाच्या जागी पक्कड, पाना, व्हाइस सगळं हाताशी असतं. किल्लीच्या जुडग्याला लावायच्या मल्टी-टूलची पक्कड, उदाहरणार्थ गर्बर डाइमची, काटा काढायला, बारीक तार वाकवायला, गरम झालेली एखादी वस्तू धरायला ठीक आहे. गंजलेला नट तिने धरला की जबडे आडवे सरकतात आणि नटाचे कोपरे मात्र गोल होतात. खरा जोर लावायचा तर लेदरमन वेव्हसारखं पूर्ण आकाराचं हत्यार लागतं. त्याचं वजन २४० ग्रॅमच्या घरात, म्हणजे ते पट्ट्याला अडकवायचं, खिशात नाही. पट्ट्याला अडकवलेलं हत्यार चार दिवसांनी कपाटात जातं. रोज जवळ राहतं ते हलकं असतं म्हणून, हे एवढं धरून बाकीचं ठरवा.

वजनाचा हिशोब सोपा आहे. ५८ मिलिमीटरचा क्लासिक एसडी सुमारे २१ ग्रॅम, रॅम्बलर तिशीच्या आसपास. ९१ मिलिमीटरमधला स्पार्टन साधारण ६० ग्रॅम आणि १५ मिलिमीटर जाड. त्यात कात्रीचा एक थर वाढला, म्हणजे सुपर टिंकरसारखा, की जाडी १८ होते आणि वजन ऐंशीच्या पुढे जातं. त्यावर करवत आली, म्हणजे हंट्समन, की जाडी २१ आणि वजन शंभराला टेकतं. १८ मिलिमीटरपर्यंत जीन्सच्या खिशात कळत नाही. २१ ला बसताना मांडीला टोचायला लागतो. टेरिकॉटच्या इस्त्रीच्या पँटीत १८ सुद्धा लोंबतो. तिथे ५८ चाच बरा.

लोक पातं बघून चाकू निवडतात, पण गावात राहणाऱ्या माणसाला दिवसातून चारदा लागते ती कात्री. दुधाची पिशवी, औषधाची पट्टी, कुरिअरची चिकटपट्टी, शर्टाचा सुटलेला धागा, नख. यातल्या एकाही कामाला उघडं पातं काढावं लागत नाही. बसमध्ये किंवा बँकेच्या रांगेत कात्री काढली तर कोणी वळून बघत नाही, चाकू काढला की बघतात. म्हणून कात्री नसलेला स्पार्टन किंवा टिंकर स्वस्त पडत असला तरी मी सुचवत नाही.

दुसरं लागतं ते स्क्रू ड्रायव्हरचं टोक. आपल्याकडे दुकानात बहुतेक वेळा क्लायंबर पुढे करतात. तो आणि सुपर टिंकर जवळजवळ सारखेच, फरक पाठीवर. क्लायंबरला बुचाचं मळसूत्र, सुपर टिंकरला फुलीचा म्हणजे स्टार स्क्रू ड्रायव्हर. चोर्ला घाटाने गोवा जवळ पडतं हे खरं, पण वाइनची बाटली उघडायचे प्रसंग वर्षात किती येतात ते तुमचं तुम्ही बघा. स्विचबोर्ड, मोटरसायकलचं साइड कव्हर, पंपाच्या स्टार्टरचं झाकण इथे मात्र फुलीचेच स्क्रू असतात. पाठीवरचा स्टार आडवा उघडतो, इंग्रजी टी अक्षरासारखा, त्यामुळे पीळ चांगला बसतो. पण खोल भोकातल्या स्क्रूपर्यंत तो पोचत नाही, मूठ आड येते. तिथे डबा उघडायच्या हुकाचं टोक वापरा. ते चपटं आणि अरुंद असल्यामुळे मधल्या आकाराच्या फुलीतही बसतं. रॅम्बलरचा स्टार सरळ रेषेत उघडतो आणि त्याला चुंबक आहे, पण तो लहान स्क्रूंसाठी. त्याने घट्ट बसलेला स्क्रू सोडवायला गेलात तर स्क्रूची फुली खराब होईल. आणि यातल्या कशालाच विजेपासून संरक्षण नाही, तेव्हा बोर्ड उघडण्याआधी मेन बंद.

पात्याचं. ९१ मिलिमीटरच्या चाकूचं मोठं पातं ठिबकची १६ मिलिमीटरची नळी एका दाबात कापतं. नळी हातात तरंगती धरून कापली की काप तिरका जातो, आणि तिरक्या कापावर जॉइनर चढवला की पाणी ठिबकत राहतं. फळकुटावर ठेवून, पातं काटकोनात धरून वरून दाबा. ५८ चं पातं या कामाला तोकडं पडतं, तसंच सुतळीच्या जाड दोरालाही. उसाला आणि झाडोऱ्याला कोयताच, त्यात चाकूला ओढू नका. आणि खताच्या पोत्याची शिलाई कापायला कशाचीच गरज नसते. योग्य टोकाचा एकपदरी धागा सोडवून ओढला की सगळी शिलाई सरसर निघते.

या चाकूंचं पातं कुलपात अडकत नाही, फक्त पाठीवरच्या स्प्रिंगच्या दाबाने उघडं राहतं. त्यामुळे खुपसायची कामं त्याने करायची नाहीत. टोक रुतलं आणि हात पुढे सरकला की पातं बोटांवर मिटतं. टोच्याचंही तेच. पट्ट्याला भोक पाडायला, पोतं शिवायला तो उत्तम आहे, त्याला दोरा ओवायचं भोकही असतं. पण सरळ दाबून घुसवू नका. टोक हलकं टेकवून, त्याची धार ज्या बाजूला आहे त्या दिशेला फिरवत फिरवत न्या. मिटण्याच्या दिशेने जोर आला की थांबायचं.

आता नकली मालाबद्दल, कारण लाल आवरण आणि पांढरा क्रूस असलेले चाकू जत्रेतही मिळतात. खरा विक्टोरिनॉक्स मोठ्या पात्याच्या बुडाशी, बिजागरीजवळ, ठसा मारलेला असतो: कंपनीचं नाव आणि स्विस मेड. पण ठसा कोणीही मारेल. त्यापेक्षा हाताला विचारा. प्रत्येक अवजार उघडताना सारखाच ताण लागतो, अर्ध्यावर ढिलं पडत नाही, आणि मिटताना टक् असा आवाज करून बसतं. चाकू मिटवून उजेडासमोर आडवा धरा आणि स्प्रिंग व पत्र्यांच्या मधून बघा. नकलीत तिथे उजेडाच्या रेघा दिसतात. शेवटची परीक्षा कात्रीची. भाजीच्या पातळ पॉलिथिनच्या पिशवीचा तुकडा घ्या आणि फक्त कात्रीच्या टोकाने कापा. खरी कात्री टोकापर्यंत स्वच्छ कापते. नकलीत प्लॅस्टिक दोन पात्यांच्या मध्ये दुमडून अडकतं, कारण पात्यांना एकमेकांवर घासायला लागणारा बाक आणि ताण देणं हेच महागडं काम, आणि नकली मालवाले तिथेच पैसे वाचवतात.

आयात मालावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि एमआरपी छापलेलं असणं कायद्याने बंधनकारक आहे. खडे बाजारात घ्या की ऑनलाइन, डब्यावर ते नसेल तर परत करा. बिल जपून ठेवा. बनावटीतल्या दोषांवर कंपनीची हमी आहे, पण ती पातं झिजवल्यावर किंवा टोकाने पत्रा उचकटल्यावर चालत नाही.

बजेट कमी असेल तर? बिननावाचा बारा अवजारांचा घेण्यापेक्षा पाच अवजारांचा क्लासिक एसडी घ्या. स्वस्त मल्टी-टूलचं पोलाद बहुधा नरम, मुलामा पावसात सोलतो, आणि बिजागरीची रिबीट ढिली झाली की सगळी अवजारं डुगडुगतात. ते दुरुस्त होत नाही.

जूनपासून खानापूर-जांबोटी पट्ट्यात जो पाऊस लागतो, त्यात स्टेनलेस पोलादही सुरक्षित नाही. पात्यावर काही होत नाही, गंज धरतो बिजागरीत आणि स्प्रिंगवर, जिथे ओल अडकते. त्यात तांबडी माती गेली तर ती पॉलिशच्या कागदासारखी घासते. शेतावरून आल्यावर कोमट साबणाच्या पाण्यात धरून सगळी अवजारं आठ-दहा वेळा उघडझाप करा, जुन्या दातांच्या ब्रशने आतली माती काढा, उघडी ठेवून रात्रभर वाळवा. उकळत्या पाण्यात टाकू नका, आवरण प्लॅस्टिकचं आहे. मग प्रत्येक बिजागरीला तेलाचा एकच थेंब. शिलाई मशीनचं तेल चालतं. फळं कापणार असाल तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन. खोबरेल नको: ते २४ अंशांच्या खाली थिजतं, आणि डिसेंबरातल्या बेळगावच्या थंडीत सकाळी चाकू उघडायला नखं तुटतील. फणस कापायचा असेल तर मात्र आधी पात्याला खाण्याचं तेल चोळा आणि चीक वाळायच्या आत पुसा. वाळलेला चीक बिजागरीत गेला तर पाण्याने निघत नाही, तेलानेच मऊ करावा लागतो.

धार लावायला ग्राइंडरवर नेऊ नका, आणि तुमच्या कारखान्यात तो दहा पावलांवर असेल म्हणून मुद्दाम सांगतो. एवढं पातळ पातं दोन सेकंदांत तापतं. काठावर निळी झाक आली की त्या जागेचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं समजा, मग तिथे धार टिकतच नाही. १००० नंबरचा दगड पाण्यात भिजवा. दोन्ही बाजूंनी १५ ते २० अंशांचा कोन पुरे. पातं १२ मिलिमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून साडेतीन मिलिमीटर उचलली की हा कोन येतो. दहा रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवली की साधारण तेवढी उंची होते. सुरुवातीला त्यावर अंदाज घ्या, मग हातालाच कळतं. एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला पूर्ण लांबीभर बर लागेपर्यंत. बर म्हणजे काठावर उलटलेली धातूची बारीक कड, हे उद्यमबागेतल्या माणसाला सांगायला नको. मग बाजू बदला, तिकडेही तेच, आणि शेवटी अगदी हलक्या हाताने आलटून पालटून बर काढून टाका. बर यायच्या आधीच बाजू बदलणं, धार न लागण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. कात्री दगडावर चपटी घासू नका, आतली बाजू बिघडली की ती संपली.

कायद्याचं. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवान्याच्या यादीत येतात ती नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं, त्यातूनही घरगुती, शेतीच्या आणि कारखान्याच्या कामासाठीची वगळून. तुमचं पातं तीन इंचांचंही नाही. पण प्रश्न तिथे संपत नाही. जमावबंदीचा आदेश निघाला की, पूर्वीचं कलम १४४, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १६३, त्यात बहुधा घातक हत्यारं जवळ बाळगायला मनाई असते, आणि घातक काय हे रस्त्यावरचा पोलीस ठरवतो. सीमाभागात असे आदेश निघण्याची शक्यता असलेले दिवस साधारण ठरलेले आहेत: एक नोव्हेंबर (कर्नाटक राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस), बेळगावच्या सुवर्णसौधमधलं विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन, गणपती विसर्जन, निवडणुका. त्या दिवसांत चाकू घरी ठेवा. मोर्चा, मिरवणूक, सभा यांत तर एरवीही नेऊ नका. महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर गाडी तपासली तर चाकू खिशात असण्यापेक्षा टूलकिटच्या पिशवीत, पान्यांबरोबर असलेला बरा. विचारलं तर शांतपणे दाखवा, उघडून नाही, मिटलेलाच. कोर्टात आणि सरकारी कचेऱ्यांत जाताना गाडीच्या डिकीत.

बेळगावच्या सांबरा विमानतळावरून विमानाने जाणार असाल तर तो चेक-इनच्या बॅगेत. सोबत फक्त हातातली बॅग असेल तर क्लासिक एसडीसुद्धा घरी. तपासणीत काढून घेतलेला परत मिळेल या भरवशावर राहू नका, आणि किल्ल्यांच्या जुडग्यात असल्यामुळे नेमका हाच विसरला जातो. म्हणून तो जुडग्याला कायमचा न अडकवता एका लहान काढता-घालता येणाऱ्या कडीला लावा. ९१ चा तर मोटरसायकलच्या किल्लीला मुळीच नको. खड्ड्यांत तो हेलकावे खातो, टाकीवर चरे पाडतो आणि किल्लीचं कुलूप वेळेआधी सैल करतो.