गुळवेल, कॉम्प्युटर आणि ६० हजारांचा कोर्स

प्रश्न : मुलगी टी.वाय.बी.एस्सी. केमिस्ट्रीला आहे. प्रोजेक्टमध्ये तिने गुळवेल आणि अश्वगंधेतली संयुगं कोरोनाच्या प्रोटीनवर कॉम्प्युटरने तपासली. एकाचा स्कोअर उणे ९ च्या आसपास आला. सर खूश, आणि ही म्हणते यातच करिअर करायचं. एका ऑनलाइन कोर्सची फी ६० हजार आहे. मी अंबडला कंपनीत सुपरवायझर आहे. कोर्स लावू की बी.एड. करायला सांगू?
– एक पालक, सिडको, नाशिक

उत्तर : नमस्कार. पैसे आत्ता भरू नका. रेणू प्रोटीनमध्ये बसवून बघणारं ऑटोडॉक व्हिना, रेणूंच्या हालचाली दाखवणारं ग्रोमॅक्स, रेणूंची माहिती देणारं पबकेम, प्रोटीनच्या रचनांचा डेटाबेस हे सगळं फुकट आहे. भारतीय औषधी वनस्पतींमधल्या संयुगांचा ‘इम्पॅट’ हा चेन्नईच्या संशोधकांचा संग्रहही फुकट.

तिने बहुधा कोरोनाच्या प्रोटीनची ६एलयू७ हीच रचना घेतली असेल. शांघायच्या संशोधकांनी ती २०२० च्या सुरुवातीला खुली केली आणि मग घरोघरी डॉकिंग, म्हणजे कॉम्प्युटरवर रेणू प्रोटीनमध्ये बसवून बघणं, सुरू झालं. विषाणू ज्या कात्रीने आपली लांब प्रोटीनसाखळी कापतो, ती ही मेन प्रोटिएज. तिच्या खाचेत एखादा रेणू कितपत बसेल, याचा व्हिना आकड्यात अंदाज देतं; आकडा जितका जास्त उणे, तितकी पकड घट्ट. नुसता अंदाज. रेणू मोठा असला की स्कोअर बरेचदा आपोआप चांगला येतो. रुटिन हे वनस्पतींतलं संयुग अशा याद्यांमध्ये वर दिसतं, पण आतड्यातून रक्तात फारसं जात नाही. हळदीतलं करक्युमिन तर नाना चाचण्यांमध्ये खोटा होकार देण्याबद्दल बदनामच आहे.

लेकीला एवढंच विचारा : त्या रचनेत आधीपासून बसलेला एन३ रेणू काढून परत डॉक केलास का? तो मूळ जागी आला का? ती अडखळेल, कारण एन३ तिथल्या १४५ क्रमांकाच्या सिस्टीन या अमिनो आम्लाला सहसंयुज, म्हणजे पक्क्या रासायनिक, बंधाने जोडलेला आहे आणि साधं डॉकिंग तो बंध हिशेबात धरतच नाही. कोरोनावरच्या पॅक्सलोविड या औषधातलं निर्माट्रेलविर याच सिस्टीनला पकडतं. त्याला अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये आपत्कालीन परवानगी मिळाली ती पेशी, प्राणी आणि माणसांवरच्या चाचण्यांनंतर, स्कोअर बघून नव्हे. हे ऐकून खट्टू न होता ती रात्री लॅपटॉप उघडून बसली, तर माझा बिनधास्त होकार.

आता पोटापाण्याचं. अंबड-सातपूरच्या औषध कंपन्यांत केमिस्टला काम मिळतं ते मुख्यतः क्यूसी (मालाची गुणवत्ता तपासणी) आणि प्रॉडक्शनमध्ये. डॉकिंगच्या नोकऱ्या पुणे, हैदराबाद, बंगळुरूकडे, आणि तिथेही बी.एस्सी.वर कुणी दारात उभं करत नाही. एम.एस्सी. हवीच, बहुतेकदा पीएच.डी.ही. पुणे विद्यापीठात बायोइन्फर्मेटिक्सचं केंद्र १९८७ पासून आहे. पण माझं मत विचाराल तर तिने केमिस्ट्री सोडू नये. जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा देऊन चांगल्या ठिकाणी ऑरगॅनिक किंवा फिजिकल केमिस्ट्री करावी, सोबत पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि थोडं संख्याशास्त्र. बटणं दाबणारे खूप आहेत. आलेला आकडा चुकीचा का, हे रसायन जाणणारालाच सांगता येतं.

बी.एड.चा दरवाजा बंद होत नाही, एम.एस्सी.नंतरही करता येतं. प्रोजेक्टच्या शीर्षकात ‘कोरोनावर औषध’ असं काही लिहिलं असेल, तर सबमिशनआधी तेवढं खोडायला लावा. जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबरात निघतात. ६० हजार तोवर बँकेतच राहू द्या.