मार्चअखेरीस भिगवणला गेल्यास स्थलांतरित पक्षी दिसतील का?

होय, दिसतील, मात्र पट्टकादंब हंस पाहायचे असतील, तर फेब्रुवारीतच जावे, कारण मंगोलिया-तिबेटकडील विणीच्या प्रदेशाकडे ते लवकर परततात. भिगवणला अनेक उन्हाळे पक्षीनिरीक्षण करत आल्याने मला स्वतःला मार्चचा उत्तरार्धच अधिक मोलाचा वाटतो. भिगवणलगतच्या उजनी जलाशयाचे पाणी ओसरून चिखलाचे काठ उघडे पडतात, त्यामुळे रोहित पक्ष्यांना उथळ पाण्यात मुबलक खाद्य मिळते आणि त्यांचे थवे बहुधा मेपर्यंत टिकून राहतात. हिवाळाभर करडा-तपकिरी दिसणारा काळ्या शेपटीचा पाणटिवळा हा पाणथळीतील पक्षी याच सुमारास मान व छातीवर विटकरी रंग धारण करू लागतो. हा बदल दुर्बिणीतून सावकाश न्याहाळावा. मध्य आशियाकडे निघालेल्या भोरड्या (गुलाबी मैना) या दिवसांत पळस-पांगाऱ्याच्या फुलांवर तुटून पडतात, म्हणून परतताना रस्त्याकडेची झाडेही पाहावीत. कुंभारगावहून पहाटेच नाव घ्यावी, आणि थव्याच्या फार जवळ नेण्याचा आग्रह नावाड्याकडे कृपया धरू नये, कारण लांबच्या प्रवासासाठी साठवलेली ताकद थवा दचकून उडाला की दरवेळी खर्ची पडते. धरणातील पाणी त्या वर्षी किती उतरले आहे, यावर मात्र बरेच अवलंबून असते. तेव्हा निघण्यापूर्वी स्थानिक नावाड्यांकडे चौकशी करावी.