आरिया, आर्या की नुसतं 'पद'?

प्रश्न असा आहे: हेंडेल या संगीतकाराच्या एका ऑपेराची, म्हणजे युरोपातल्या संगीत नाटकाची, ओळख करून देणाऱ्या मराठी लेखात 'क्लिओपात्राचं नाट्यपद' असा उल्लेख होता, दुसरीकडे त्याच गाण्याला 'एरिया' (aria, ऑपेरातलं एकट्याने गायचं गाणं) म्हटलेलं दिसलं. यातलं बरोबर काय? आणि त्याच्यासोबत येणारं 'दा कापो' म्हणजे आपलं धृपदच का?

आधी 'एरिया' बाद करू. हा शब्द आपल्याकडे कधीच राहायला आलाय. 'आमच्या एरियात' म्हटलं की गल्ली डोळ्यांपुढे येते, रंगमंच नाही. इटालियन उच्चार खरं तर 'आर्या'च्या फार जवळचा आहे, पण ती जागा मोरोपंतांनी अडवली आहे. गंमत म्हणजे पंत (१७२९–१७९४) बारामतीत आर्या रचत होते, त्याच काळात युरोपातली ऑपेराघरं आरियांनी दुमदुमत होती. दोन शब्दांचं नातं मात्र काडीचं नाही. आपली आर्या संस्कृतातलं मात्रावृत्त. त्यांची आरिया लॅटिनमधल्या हवेच्या शब्दावरून आलेली. इटालियनमध्ये आजही 'आरिया' म्हणजे हवा, आणि माणसाच्या चेहऱ्यावरचा एकंदर भावही. म्हणून लिहावं 'आरिया', स्त्रीलिंगी, आणि चालवावं 'शाळा'सारखं: आरियेत, आरियेचा, दोन आरिया.

'पद' चुकीचं नाही. संगीत नाटकातलं पद आणि त्या काळच्या गंभीर ऑपेरातली आरिया, दोन्हींत कथानक थबकतं आणि पात्र मन मोकळं करतं. ऑपेरात गोष्ट पुढे सरकते ती बोलल्यासारख्या गायनात. आरिया सुरू झाली की घड्याळ थांबतं. पात्र आरिया गाऊन बहुधा आत निघून जाई, म्हणजे टाळ्या त्याच्या एकट्याच्या. आपल्या 'वन्स मोअर'वाल्यांना हे समजावून सांगायला नको.

'दा कापो' म्हणजे 'डोक्यापासून'. पहिला भाग, वेगळ्या भावाचा दुसरा भाग, आणि तिथे ही सूचना: आता पुन्हा सुरुवातीपासून. तिसरा भाग लिहीतच नसत. आपल्या गाण्यांच्या पुस्तकांत 'धृ.' छापून जागा वाचवतात, तसंच. पण ध्रुव म्हणजे न हलणारं, आणि दा कापोत परतलेला भाग तसाच राहू नये अशीच अपेक्षा असे. गायकाने त्यावर स्वतःच्या हरकती-ताना चढवायच्या. त्यामुळे मला धृपदापेक्षा 'अंतऱ्यावरून अस्थायीवर येणं' जवळचं वाटतं. आपण मुखडा धरतो, ते डोकं धरतात. फरक इतकाच की आपल्याला बऱ्याचदा मुखड्याला स्पर्श केला तरी पुरतं, त्यांना अख्खा पहिला भाग गावा लागतो.

आता ते क्लिओपात्राचं गाणं. 'जूलिओ चेझारे', म्हणजे जूलियस सीझर, लंडन, १७२४. भाऊ तोलोमेओने तिला कैद केलंय, सीझर बुडाला असं ती समजते. पहिला भाग संथ: मी माझ्या नशिबावर रडत राहीन. आणि तोही मेजर स्वरांत, जे पाश्चात्त्य संगीतात सहसा उजळ वाटतात; म्हणजे रडणंसुद्धा राणीचं, ऊर बडवणारं नाही. मग अचानक लय चढते: मेल्यावर भूत होऊन त्या जुलमी माणसाला रात्रंदिवस छळीन. वाद्यं खवळतात, आवाज धावत सुटतो. आणि दा कापो. परत तेच शब्द, तीच संथ चाल. पण आता आपण ऐकतो ती बाई नुकतीच संतापून गेलेली असते, आणि त्या संतापाने बेडी तुटलेली नसते. तिचा हा स्वभाव शब्दांत कुठेच लिहिलेला नाही. तो परत येण्यात आहे. या परतण्याविषयी लिहायचं असेल तर 'नाट्यपद' तोकडं पडतं, 'आरिया'च हवं. नुसतं 'क्लिओपात्रा गाते' एवढंच सांगायचं असेल तर पद म्हणा, बिघडत नाही.

पुढे मोझार्ट या संगीतकाराने याच परतण्याशी खेळ केला. 'फिगारोचं लग्न' (१७८६) मध्ये नोकर फिगारो धन्याला नाचवायची धमकी देतो ती मिन्युएटच्या चालीवर, म्हणजे सरदारांच्याच नाचावर. मध्येच चाल सोडून तो भरधाव बेत रचतो आणि पुन्हा साळसूदपणे मिन्युएटवर येतो. त्याच ऑपेरात त्या धन्याची बायको काउंटेस विचारते, ते सुखाचे क्षण कुठे गेले? संथ भाग, मधला भाग, मग पहिली ओळ परत येते. हेंडेलचा श्रोता म्हणाला असता, झालं, आता संपलं. पण ती तिथे थांबत नाही. लय द्रुत होते आणि ती नवऱ्याचं मन पुन्हा वळवण्याची आशा धरते. रूप मोडतं तिथेच ही बाई हताश नाही हे कळतं.

तेव्हा काउंटेसच्या या गाण्याला 'दा कापो आरिया' लिहिलेलं कुठे दिसलं तर खुशाल खोडा. 'आरिया' तेवढी ठेवा.