वाचकांचे प्रश्न: मुलं सिनेमात बोलली, पण स्वतःसारखी नाही

प्रश्न: मी नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यात एका आश्रमशाळेत शिक्षक आहे. गेल्या हिवाळ्यात शहरातून एक गट आला आणि त्यांनी तीन दिवसांचं लघुपट शिबिर घेतलं. आठवी-नववीच्या 24 मुलांनी सात मिनिटांचा सिनेमा केला. दिसायला देखणा आहे, पण त्यात मुलं धडा वाचल्यासारखी बोलतात. हीच मुलं ओढ्यावर पावरीत, म्हणजे आपल्या घरच्या बोलीत, बोलायला लागली की थांबत नाहीत. आता मलाच काहीतरी करायचं आहे. जवळ दोन मोबाइल आहेत, कॅमेऱ्याचं शिक्षण नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर: सर, तुम्हाला जे खटकलं तिथूनच करा. मी ध्वनिमुद्रणाचं काम करते, म्हणून अनुभवानं सांगते: चित्रातली चूक डोळा सांभाळून घेतो, खोटा आवाज कानाला लगेच कळतो.

माझं गाव अमळनेरजवळ, घरात अहिराणी. कॉलेजात असताना एका पटकथा शिबिराला गेले होते. शेजारी बसलेल्या मैत्रिणीनं श्रावणातल्या कानबाई देवीच्या रात्रीचा प्रसंग लिहिला होता. त्यात तिची आजी कानबाईला म्हणते, "आज उनी, सकाय चालनी, माय." मार्गदर्शक म्हणाले, प्रेक्षकांना हे कळणार नाही, शुद्ध करून आणा. तिनं लिहिलं, "आई, तू आज आलीस आणि उद्या जाणार." वाचून दाखवताना तिचा आवाज अर्ध्यातच पडला. दुसऱ्या दिवशी ती शिबिराला आलीच नाही. त्या गृहस्थांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी आजही मानते. पण लिहिण्याचा नाद तिनं तिथेच सोडला, आणि ते दुःख माझ्या मनातून जात नाही.

म्हणून तुमच्या मुलांना पहिला आठवडा कॅमेरा देऊच नका. मोबाइलमधला फक्त रेकॉर्डर वापरा. फोन फ्लाइट मोडवर टाकायचा आणि प्रत्येकानं एका मिनिटाचा एक आवाज आणायचा. कशाचा ते सांगायचं नाही, बाकीच्यांनी ओळखायचं. तोरणमाळकडच्या एका पाड्यावर असाच वर्ग घेतला, तेव्हा एका मुलानं वाळल्या पाल्यावर काहीतरी टपटपतानाचा आवाज आणला होता. मी म्हटलं, पाण्याचे थेंब. सगळा वर्ग हसला. मोहाची फुलं होती ती! मोह पहाटे गळतो आणि गुरं पोहोचायच्या आत वेचावा लागतो. त्या एका मिनिटातून त्यांची गोष्ट निघाली: अंधारात टोपली घेऊन निघणारी बहीण, आणि त्याच वेळेला वाजणारी शाळेची घंटा. पटकथेची व्याख्या मला फळ्यावर लिहावी लागली नाही.

दुसरं, काम चालवायची भाषाही मुलांचीच असू द्या. "शांत", "चालू", "थांब" यांना पावरीत काय म्हणायचं ते त्यांना ठरवू द्या. तुम्हाला पावरी येत नसेल तर फारच छान, एखाद्या मुलीला दिग्दर्शक करा आणि तिच्या हुकमानं तुम्ही उभे राहा. वर्गात भिली बोलणारी मुलं असतील तर ज्याची गोष्ट त्याची बोली. खालची मराठी ओळ मुलांनीच लिहायची, एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त नाही. मराठीचा तास यात आपोआप होतो.

दोन मोबाइल पुष्कळ झाले. एकावर चित्र घ्या, दुसरा रेकॉर्डर चालू करून बोलणाऱ्याच्या खिशात ठेवा. दोन्ही चालू झाले की एक टाळी वाजवा. संकलन करताना टाळीचं चित्र आणि टाळीचा आवाज जुळवले की सगळं जुळतं. वारा असेल तर खिशातल्या फोनवर सुती पायमोजा चढवा. ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे हलताना दिसले तर सेकंदाला 25 चौकटींवर या, कारण आपली वीज 50 हर्ट्झची आहे. 4के नको, 1080 पुरे. त्यातही मिनिटाला 100 एमबीच्या आसपास जागा जाते, म्हणून रोज संध्याकाळी शाळेच्या संगणकावर उतरवून घ्या. उन्हाळ्यात नऊच्या आत आणि पाचनंतरच चित्रीकरण करा, नाहीतर फोन तापून बंद पडेल. पालकांची आणि आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाची लेखी परवानगी आधी घ्या.

मुलांच्या हातातून सिनेमा खरा निसटतो तो संकलनात. शिबिर संपलं की चित्रीकरण शहरात जातं, महिन्यानं तयार सिनेमा येतो आणि मुलं टाळ्या वाजवतात. कुठला प्रसंग का गेला हे त्यांना कोणी विचारलेलं नसतं. तुमच्याकडेही तसंच झालं असावं, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. तेव्हा वेळ लागू द्या, पण जोडणी वर्गातच, मोबाइलवरच करा. आणि ज्याच्या घरची गोष्ट, त्या घरानं सिनेमा आधी पाहायचा. मोहाच्या सिनेमात त्या मुलाची आई चुलीपाशी केस मोकळे सोडून बसलेली होती. उजेड असा पडला होता की तो सगळ्यात चांगला शॉट होता. ती म्हणाली, हे काढा. आम्ही काढला. मला त्या शॉटची हळहळ आजही वाटते, तरी काढला हे बरोबरच केलं.

प्रश्न: मी पारोळा तालुक्यातली. बी.ए. झालं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये जायचं आहे. वडील म्हणतात, आपल्यासारख्यांचं ते काम नाही. आणि माझ्या बोलण्यातली अहिराणी लगेच कळते. मागे पडेन का?

उत्तर: पदवी झाली म्हणजे तिथल्या दीर्घ अभ्यासक्रमांसाठी लागणारी मुख्य अट तू पूर्ण केलीस, आता प्रवेश परीक्षेची तयारी कर. 1960 साली 'प्रभात'च्या जुन्या स्टुडिओच्या आवारात ही संस्था उभी राहिली. 2017 पासून ती पुण्याबाहेर गावोगावी छोटे अभ्यासक्रमही घेते, तेही बघ. पण प्रवेश मिळेपर्यंत हात बांधून बसू नकोस. नागराज मंजुळे सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचे. अहमदनगरच्या कॉलेजात शिकत असताना त्यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वडिलांना हे सांग. जळगावच्या विद्यापीठातही जनसंवाद शिकता येतो, घरापासून तासा-दोन तासांवर.

अहिराणी गाणी आणि विनोदी व्हिडिओ यूट्यूबवर लाखांनी पाहिले जातात. ते करणारी मंडळी आपल्याच धुळे-जळगाव-शिरपूरकडची. अशा एखाद्या चमूबरोबर महिनाभर काम कर. जाताना सोबत मैत्रीण ने, आणि तिथे आणखी बायका आहेत का हे आधी विचार. त्या व्हिडिओंचा आवाज बहुतेक वेळा फाटका असतो, गाणं वर आणि बोलणं खाली. ते नीट करून देणारी मुलगी त्यांना हवीच आहे. मीही माइकची काठी धरूनच सुरुवात केली.

बोलण्याचं म्हणशील, तर अहिराणी संवाद खरा वाटतो की ओढूनताणून आणलेला, हे कानाने ओळखणारी माणसं सेटवर फार थोडी असतात. मुलाखतीत अहिराणी लपवू नकोस.

प्रश्न: रावेरकडचा आमचा 12 जणींचा बचत गट. केळीचे वेफर्स करतो. आमच्या कामाचा सिनेमा आम्हीच करावा असं मनात आहे. 80 हजारांचा कॅमेरा घ्यावा का? आमच्यातल्या चौघींना वाचता येत नाही.

उत्तर: ताई, कॅमेरा नको. आहे तो मोबाइल, कॉलरला लावायचा एक साधा माइक आणि एक तिपाई, एवढ्यावर वर्षभर काम करा. उरलेले पैसे गटातच राहू द्या.

वाचता न येणं इथे आड येत नाही. 1984 साली अहमदाबादेत 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेनं आपल्या सभासदांना व्हिडिओ शिकवला. त्यात भाजी विकणाऱ्या बायका होत्या, अनेकींना अक्षरओळख नव्हती. कॅमेरा, आवाज, संकलन, सगळं त्या शिकल्या आणि पुढे कित्येक वर्षं आपल्या कामाचे, आपल्या मागण्यांचे व्हिडिओ करत राहिल्या.

किसणीवरून चकत्या थेट तेलात पडतात तो आवाज आधी पकडा. भट्टीपासून हात-दोन हात लांब, वाफ लागणार नाही अशा जागी फोन ठेवा. आणि पहिल्या दिवशी तो त्या चौघींपैकी एकीच्या हाती द्या. बाकीच्या अकरा जणी तिच्याकडून शिकतील.